टोफूवाला आणि टेम्पोवाला

परवा शुक्रवारी ऑफिसातून निघता निघता टीममधल्या एका फ्रेशरने मला गाठलं. (नाव लिहीत नाही, बिचारा हे वाचतो.) म्हणाला, "सर, तुम्ही कोल्हापूरचे ना? रात्री दोननंतर घाटात ट्रॅफिक किती असतं हो?"

मी म्हटलं, "कशाला?"

"असंच. इनिशियल डी संपवलं, आता एमएफ घोस्ट चालू आहे."

बास. पुढचं सांगायची गरजच नव्हती. हा आजार मलाही झाला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका मित्राच्या हार्ड डिस्कमधून आमच्या ग्रुपमध्ये त्याची साथ आली आणि सबमिशनच्या आठवड्यात आम्ही सगळे रात्र रात्र जपानी घाटांमध्ये फिरत होतो. त्या फ्रेशरला मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण शिवाजीनगरहून गाडी पकडून बावड्याला येईपर्यंत डोक्यात तेच चालू होतं. म्हणून ह्या वीकेंडचा विषय हाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शुइची शिगेनो नावाच्या चित्रकाराने १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं 'इनिशियल डी' ही चित्रकथा यंग मॅगझिनमध्ये चालवली, तिचे ४८ खंड झाले. १९९८ मध्ये तिची अ‍ॅनिमेशन मालिका आली. कथा गुन्मा नावाच्या डोंगराळ प्रांतातली. ताकुमी फुजिवारा हा अठरा वर्षांचा, कायम झोपाळू चेहऱ्याचा पोरगा. बाप बुन्ता टोफूचं दुकान चालवतो. पोरगा तेराव्या वर्षापासून, म्हणजे लायसन्स वगैरे सगळं धाब्यावर बसवून, रोज पहाटे घाट चढून वरच्या तळ्याकाठच्या हॉटेलांना टोफू पोचवतो आणि घाट उतरून घरी येतो. पाच वर्षं. गाडी बापाची जुनी टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, मॉडेल कोड एई८६. जपानीत हाची-रोकू, म्हणजे आठ-सहा. मग एके रात्री घाटात रेस लावणाऱ्या पोरांच्या भारी भारी गाड्यांना हा टोफूवाला उतारावर मागे टाकतो आणि पुढचं रामायण सुरू होतं.

आता, ही मालिका बघणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लक्षात राहतो तो ड्रिफ्ट. मागची चाकं घसरवत, गाडी आडवी करून वळण घ्यायचं, मागे युरोबीटचं गाणं ढणढणतंय.. भारीच वाटतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण माझं मत असं की ही मालिका ड्रिफ्टची नाहीच. ती माल पोचवणाऱ्या पोराची गोष्ट आहे. आणि हे मला मालिका बघून नाही कळलं. ते माझ्या तात्यांमुळे कळलं, आणि फार उशिरा कळलं.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. कसबा बावड्यात भगव्या चौकाच्या अलीकडे आमचं घर, वरच्या मजल्यावर ते. मी शाळेत असल्यापासून तात्यांचा टेम्पो होता, टाटा ४०७. रात्री मार्केट यार्डातून भाजी आणि अंड्यांचे ट्रे भरायचे, दोनच्या सुमाराला निघायचं आणि गगनबावड्यावरून घाट उतरून उजाडायच्या आत वैभववाडी, कणकवली गाठायची. कोकणात भाजी ही वरून, घाटमाथ्यावरूनच जाते. तर हा माणूस आठवड्यातून सहा दिवस, पंचवीसेक वर्षं, एकच घाट उतरत आणि चढत होता. ताकुमीची पाच वर्षं घेऊन बसलोय आपण!

(जाता जाता: आमच्याकडे बावडे तीन. आमचा कसबा बावडा, मग कोल्हापूरपासून पंचावन्नएक किलोमीटरवरचा गगनबावडा, आणि घाट उतरून खाली भुईबावडा. गगनबावड्यातून घाटाला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाट वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. लहानपणी मला वाटायचं तिन्ही गावं सख्खी भावंडं असणार.)

मालिकेत टोफूची एक गंमत आहे. बुन्ता पोराला गाडीतल्या होल्डरमध्ये पाण्याने भरलेला कागदी कप ठेवायला लावतो. पाणी सांडता कामा नये, नाहीतर टोफू फुटेल. बघताना हे निव्वळ थापेबाजी वाटतं. म्हणून हॉस्टेलवर एकदा आम्ही हिशोब करायला बसलो होतो. वळणावर गाडीला बाजूने जितकं त्वरण बसतं, तितक्या प्रमाणात पाण्याचा पृष्ठभाग तिरका होतो. सात सेंटिमीटर रुंद कप घ्या. गुरुत्वाकर्षणाच्या तीस टक्के इतकं त्वरण बसलं, म्हणजे मागे बसलेल्या आईने "अरे हळू" म्हणावं इतकं, की पाणी एका बाजूला साधारण एक सेंटिमीटर चढतं. साधे टायर कोरड्या डांबरावर जेमतेम सोडतील त्या हद्दीपर्यंत, म्हणजे ऐंशी टक्क्यांपर्यंत गेलात, तर पावणेतीन सेंटिमीटर. म्हणजे कप काठोकाठ भरलेला असेल तर रेस विसरा. पण दोन-तीन बोटं कमी भरलेला असेल तर पाणी न सांडता बऱ्यापैकी जोरात जाता येतं. अट एकच: धक्का नको. ब्रेक हळूहळू वाढवायचा, हळूहळू सोडायचा, स्टिअरिंग एकाच ओघात वळवायचं. वेगाने पाणी सांडत नाही हो, वेग झटक्यात बदलला की सांडतं.

ह्याला इंग्रजी पुस्तकांत मोठमोठी नावं आहेत. मुद्दा साधा आहे. गाडी चार तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यांवर उभी असते. ब्रेक मारला की वजन पुढच्या दोघांवर जातं, मागचे हलके होतात. अ‍ॅक्सिलेटर दिला की उलटं. वळलं की बाहेरच्यांवर. चांगला ड्रायव्हर म्हणजे हे वजन कुठे चाललंय ते ज्याला बुडाखाली कळतं तो. ताकुमीला ते कळतं, कारण पाच वर्षं त्याच्यासमोर तो कप होता. तात्यांना कळायचं, कारण मागे अंडी होती. अंडी फुटली तर पैसे त्यांच्या भाड्यातून कापायचे.

गाड्यांच्या निवडीबद्दल मात्र मालिकेने माझ्यासारख्या इंजिनिअरला जिंकून टाकलं, कारण तिथे प्रत्येक गाडी म्हणजे एक वाद आहे. हाची-रोकू: १.६ लिटरचं ४ए-जीई इंजिन, कागदावर १३० अश्वशक्ती, वजन साधारण ९४० किलो, ढकल मागच्या चाकांना. समोर नाकाझातोची निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२: २.६ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, अधिकृत आकडा २८० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. आणि वजन १४३० किलो. सरळ रस्त्यावर ही तुलनाच होऊ शकत नाही. पण उतारावर गुरुत्वाकर्षण सगळ्यांना फुकट ढकलत असतं, तिथे ताकदीचं मोल कमी होतं आणि वजनाचा भुर्दंड वाढतो. ताशी ८० ला हाची-रोकूत साधारण २३२ किलोज्यूल ऊर्जा असते, जीटी-आरमध्ये ३५३. प्रत्येक वळणाला ही दीडपट उष्णता ब्रेकने आणि पुढच्या टायरनी पचवायची. त्यात ते लांबलचक लोखंडी इंजिन नाकावर. म्हणून उताराच्या शेवटी शेवटी नाकाझातोची गाडी वळायला कुरकुरते, नाक बाहेर ढकलते. हे शिगेनोने मनाने रचलेलं नाही, हे असंच होतं. त्याने सल्ल्यासाठी माणूसही तसा धरला होता, केइची त्सुचिया. हा स्वतः तरुणपणी डोंगरात हाची-रोकू पळवलेला आणि पुढे १९९९ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोयोटाच्या टीममधून दुसरा आलेला ड्रायव्हर.

बाकीची मंडळीही अशीच. ताकाहाशी बंधूंच्या रोटरी इंजिनवाल्या माझदा आरएक्स-७, हलक्या आणि समतोल. त्यातला थोरला र्‍योसुके हा आमच्या एक्सेल शीटवाल्यांचा लाडका: मेडिकलचा विद्यार्थी, पण रेसच्या आधी कॉम्प्युटरवर घाटाचा हिशोब मांडून बसणारा. सुदो क्योइचीची लान्सर इव्हो ३, चारही चाकांची ताकद आणि 'भावना बाजूला ठेवा' छापाचं तत्त्वज्ञान. होंडा सिव्हिकवाला शिंगो, ज्याच्यासाठी रेस म्हणजे समोरच्याला ठोकणं. आणि माझं सर्वांत आवडतं पात्र इत्सुकी. हा ताकुमीचा मित्र पैसे साठवून मोठ्या हौसेने हाची-रोकू घ्यायला जातो आणि चुकून एई८५ घेऊन येतो! दिसायला तीच, आत १.५ लिटरचं साधं इंजिन. 'टॉप मॉडेल आहे' म्हणून सेकंडहँड गाडी घेऊन घरी आल्यावर बेस मॉडेल निघालेल्या प्रत्येक मराठी माणसाने ह्या प्रसंगाला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात.

मग प्रश्न येतो, आपली हाची-रोकू कुठली? हॉस्टेलवर ह्यावर मारामाऱ्या व्हायच्या. कोणी जुनी होंडा सिटी व्हीटेक म्हणायचा, कोणी एस्टीम, कोणी स्विफ्ट. गाड्या चांगल्या, पण सगळ्या पुढून ओढणाऱ्या. मागून ढकलणारी, हलकी, स्वस्त, आणि घरच्या धंद्यात राबणारी गाडी पाहिजे असेल तर भारतात उत्तर एकच आहे आणि ते कोणाच्याही पोस्टरवर येणार नाही. मारुती ओम्नी! १९८४ पासून २०१९ पर्यंत विकली गेली, ७९६ सीसी, इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. पुढे काही नाही, थेट आपले गुडघे :-) तिची वारसदार ईको अजूनही मागूनच ढकलते. शाळेची मुलं, बेकरीचे पाव, दुधाच्या पिशव्या, सगळं तीच वाहते. आणि टाटा ४०७ चं म्हणाल तर ते बाजारात आलंच १९८६ साली. हाची-रोकूतल्या ८६ चा सालाशी काही संबंध नाही, तो नुसता कोड आहे. पण योगायोग मला आवडतो.

असो. आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो.

२०१८ चा जुलै. माझं शेवटचं वर्ष संपलं होतं, कॅम्पसमधून नोकरी लागली होती, जॉइनिंगला महिना होता. वडिलांकडे सेकंडहँड मारुती झेन होती. तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, तेव्हा सोळाचा. (त्याला इथे बाळू म्हणतो.) मालिका मी त्यालाही दाखवली होती, अर्थातच. पाऊस बघायला म्हणून आम्ही दोघं गगनबावड्याला गेलो. चहा-भजी झाली. मग मी म्हटलं, चल, थोडं खाली उतरून येऊ.

करूळ घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणाला मी हँडब्रेक ओढला.

काय झालं ते आता मला नीट सांगता येतं, कारण नंतर मी ते शंभर वेळा सोडवलंय. झेन पुढून ओढणारी. हँडब्रेक मागची चाकं धरतो, ओल्या रस्त्यावर ती लगेच सुटतात आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. इथपर्यंत पडद्यावरच्यासारखं. पण हाची-रोकूत मागच्या चाकांना ताकद आहे, अ‍ॅक्सिलेटरने तो घसरणारा मागचा भाग हवा तिथे धरून ठेवता येतो. झेनमध्ये मागे ताकदच नाही. तिथे सावरायचं तर थोडा अ‍ॅक्सिलेटर देऊन पुढच्या चाकांनी गाडी ओढून काढावी लागते. घाबरलेला माणूस काय करतो? पाय काढतो. मीही काढला. पाय काढल्यावर वजन पुढे आलं, मागची बाजू अजून हलकी झाली आणि अजून फिरली. डावी बाजू कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून मी हे लिहितोय.

मला खरचटलं. बाळूचा डावा कोपर मोडला. प्लेट घातली. हात बरा झाला, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही, थोडासा वाकडा राहतो. तुम्ही-आम्ही कीबोर्ड बडवणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. पण बाळू रोज पहाटे पॅव्हेलियन ग्राउंडला पळायला जायचा. आमच्याकडे भरती म्हणजे काय ते कोल्हापूर-साताऱ्याकडच्यांना सांगायला नको. सोळाव्या वर्षापासून पोरं सोळाशे मीटरची वेळ सेकंदांत मोजतात. त्याची वेळ चांगली होती. दोन वर्षांनी मेडिकलला त्याला हात समोर धरायला सांगितले आणि बाजूला काढलं.

तात्या त्या दिवशी कणकवलीहून परत येत होते. घाटातच त्यांना निरोप मिळाला असावा, कारण ते टेम्पो घेऊन सरळ दवाखान्यात आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते बाकावर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले,

"कुठल्या गेरात हुतास?"

"तिसऱ्या."

"आन त्योच घाट चढताना कुठला लागतोय?"

"दुसरा."

ते नुसते "हं" म्हणाले आणि चहा आणायला गेले.

हा घाटातल्या ड्रायव्हर लोकांचा जुना नियम. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ह्यामागचं गणित ऐका, मालिकेत इतकं सोपं कुठे दाखवलेलं नाही. माल भरलेला टेम्पो पाच टन धरा. तो शंभर मीटर उंचीवरून खाली आला की जवळजवळ पन्नास लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. इतक्या उष्णतेत साधारण पंधरा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. आणि घाट शंभर मीटरचा नसतो. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये ओतली तर लायनर तापतात, वास येतो, आणि मग पॅडल दाबलं तरी गाडी धरत नाही. खालच्या गिअरमध्ये मात्र इंजिनच गाडीला मागे ओढतं, उष्णता इंजिनातून बाहेर जाते आणि ब्रेक खरी गरज पडेल तेव्हासाठी गार राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे बहाद्दर आहेतच आपल्याकडे. तात्या त्यांना 'पाहुणे' म्हणायचे. म्हणजे जास्त दिवस राहणार नाहीत.

तात्यांना मी ती मालिका दाखवली, ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. दिवाळीत. बाळूनेच आग्रह केला, मला धीर नव्हता. तात्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग:

"समोरनं कोण येत न्हाई व्हय रं ह्यास्नी?"

झालं. एका वाक्यात माझा सगळा अभ्यास बाद. कारण खरंच, त्या घाटात समोरून येणारी गाडी क्वचितच दिसते. पूर्ण रस्ता, दोन्ही लेन, रेसवाल्यांच्या बापाचा. आमच्या घाटात वळणाच्या पलीकडे एसटी असते, ती रुंदीला रस्ता भरून येते, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे. बाहेरून-आतून-बाहेरून अशी जी रेसची सुंदर रेषा पुस्तकांत काढलेली असते, ती करूळमध्ये थेट एसटीच्या बंपरवर जाऊन संपते. शिगेनोला हे माहीत नव्हतं असं नाही. मालिकेच्या सुरुवातीलाच इकेतानी आपली सिल्व्हिया ठोकून मान धरून बसतो. खुद्द ताकुमी एकदा डोकं फिरल्यावर मनाने रेस लावतो आणि इंजिन फोडून घेतो. पण ते एपिसोड कोणी रिपीट करून बघत नाही.

गटाराची युक्ती तात्यांना दाखवली. म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूच्या सिमेंटच्या गटारात आतली चाकं टाकायची, ती रुळासारखी गाडीला धरतात आणि जास्त वेगात वळता येतं. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्या गटारीत चाक घातलं तर खालनं दगूड, वरनं माती, आन क्रेन सांगाय वैभववाडीस जायाचं." मग दिवे बंद करून अंधारात मागून घुसायची युक्ती. ह्यावर बाळू म्हणाला, ही तर आपल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी कधीच काढली. खरं आहे. राजाराम कारखान्याचा सीझन चालू असताना रात्री बावड्याच्या रस्त्याने येऊन बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, लाल कापड असलं तर नशीब.

आणि मग कपाचा प्रसंग आला. तात्या एकदम पुढे सरकले. "थांब, परत लाव." मी परत लावला. "माल उतरवून रिकामा परत येताना पळतोय नव्हं ह्यो? मग बराबर हाय." मला हे इतक्या वेळा बघूनही लक्षात आलं नव्हतं. टोफू वर पोचवायचा असतो. पोरगा वेडावाकडा पळतो तो उतारावर, घरी येताना, मागे काही नसताना. आणि शेवटी त्यांचा निकाल: "पोरगं गुणाचं हाय. बा मात्र नालायक. तेरा वर्साच्या पोराकडं गाडी देतोय."

बाळू आणि मी दोघंही लॅपटॉपकडे बघत राहिलो. सोळा वर्षांच्या पोराला शेजारी बसवणाऱ्याबद्दल तात्या काही बोलले नाहीत.

आता त्या फ्रेशरला काय सांगावं? 'बघू नकोस' म्हणणार नाही. मी आजही बघतो. एमएफ घोस्टही बघतोय, त्यात टोयोटाची नवी ८६ आहे, ताकुमी आता गुरू झालाय. आणि रेसच नको म्हणणाराही मी नाही. शर्यत आमच्या मातीत आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी परत मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदाही उचलून धरला. मधल्या वर्षांत आमच्याकडचे लोक घरातलं माणूस गेल्यासारखे बसून असायचे. गाडी घसरवायचीच असेल तर कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथे जमिनीला बूड टेकवून तासभर फिरलात की गाडीचं वजन कुठे जातं ते हॉस्टेलच्या सगळ्या वादांपेक्षा जास्त कळतं. आणि हेही कळतं की घड्याळ लावलं की कोरड्या डांबरावर ड्रिफ्ट हळू असतो. टायर थोडासाच घसरत असतो तेव्हा सगळ्यात जास्त पकड देतो, त्यापुढे घसरला की पकड कमी होत जाते आणि वेग रस्त्यावर घासून जातो. आडवी गाडी दिसते झकास. पण जिंकायचं असतं तेव्हा लोक सरळ चालवतात.

पण रात्री दोनला घाटात ट्रॅफिक किती असतं, ह्याचं उत्तर मला नक्की माहीत आहे. रात्री दोनला बावड्यातून निघालेला भाजीचा टेम्पो असतं. अंड्यांचे ट्रे आणि एक माणूस, ज्याला उजाडायच्या आत कणकवली गाठायची आहे. ताकुमीची गाडी आपण ज्या खिडकीतून बघतो, त्या चित्रात तो टेम्पो काढलेलाच नाही. मी रेसवाल्याच्या जागी बसून ती मालिका बघितली आणि माझ्या घरात टोफूवाला होता, हे मला दिसलं नाही. सोमवारी हेच सांगणार आहे त्याला, बघू ऐकतो का.

तात्यांनी तीन वर्षांपूर्वी टेम्पो विकला, गुडघे बोलायला लागले म्हणून. बाळूने ईको घेतली. बेकरीचा माल टाकतो, गगनबावड्यापर्यंत रोज आणि आठवड्यातून दोनदा खाली वैभववाडीला. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद होता तेव्हा भुईबावड्याने वळसा घालून जायचा. गेल्या महिन्यात मी सुट्टीला आलो होतो तेव्हा त्याच्याबरोबर गेलो. मागे क्रीमरोल आणि खारीचे ट्रे. खारी म्हणजे टोफूपेक्षा नाजूक, कोणी काही म्हणो. गगनबावड्याला आम्ही चहा घेतला, त्याने आपला कागदी कप अर्धा पिऊन तसाच डॅशबोर्डच्या खाचेत ठेवला आणि गाडी दुसऱ्यात टाकली. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मागून एक मोठी एसयूव्ही हॉर्नवर हॉर्न मारत चिकटली. बाळूने जागा बघून डावीकडे घेतली, वाकड्या हातानेच खिडकीतून 'जा' म्हणून खूण केली आणि कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.